डोंगरात पैसा कुठे अडतो?

खात्यात पैसे असणे आणि ते समोरच्याच्या हाती पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरात हा फरक जाणवत नाही. एटीएम, टॉवर, वीज, बँकेचा सर्व्हर, दुकानदाराच्या गल्ल्यातली चिल्लर हे मधले सगळे दुवे तिथे बहुतेक वेळा शाबूत असतात. गोंदियाहून आमगाव, सालेकसा मागे टाकून दरेकशाच्या डोंगराकडे निघाले किंवा देवरीहून चिचगडच्या रस्त्याला लागले की यातला एकेक दुवा निखळू लागतो. खिसा रिकामा नसतो, फोनवर शिल्लकही दिसते, पण 20 रुपयांचा चहा प्यायल्यावर पैसे द्यायचे कसे, हा प्रश्न खरोखर पडतो.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. डोंगराळ प्रदेश म्हटल्यावर तो कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तरी दरेकसा, चिचगड, प्रतापगड आणि नवेगावच्या डोंगररांगांनी जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग व्यापला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. हिमालयाच्या मानाने या टेकड्याच. पण पैशाची अडचण उंचीमुळे होत नसते. डोंगराची घडी मोबाइलच्या लहरी अडवते. वस्ती विरळ, म्हणून बँकेला शाखा परवडत नाही आणि कंपनीला टॉवर परवडत नाही. जंगल असल्याने तार ओढायला आणि खांब रोवायला परवानग्या लागतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की सालेकसा आणि हिमालयातले स्पिती यांच्यातले अंतर बरेच कमी होते.

हुंडीपासून मनिऑर्डरीपर्यंत

वाटेत पैसा सांभाळणे ही चिंता जुनीच. विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवण्यासाठी वरसईहून उत्तरेकडे निघाले, सातपुडा ओलांडून पुढे बंडाच्या धामधुमीत सापडले आणि मिळवलेले द्रव्य लुटले गेल्याचे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले. सावकाराची हुंडी हा त्या काळचा सुरक्षित मार्ग होता, कारण चोराच्या हाती कागद लागला तरी त्याला पैसे मिळणे अवघड. पण हुंडी वटवणारा पेढीवाला मोठ्या बाजारपेठेतच असे. डोंगरात तिचा उपयोग शून्य. तिथे नाणे कमरेच्या कशात, बाईमाणसाच्या पदराच्या गाठीत किंवा बटव्यात असे.

मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात तर बराच काळ नाण्यावाचूनच व्यवहार चालला. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणत आणि धान्य घेऊन जात. मोहफूल, चारोळी, मध, लाख देऊन मीठ, तेल, कापड घेतले जाई. माप व्यापाऱ्याचे आणि भावही व्यापाऱ्याचाच, त्यामुळे चारोळीसारखी महाग वस्तू मिठाच्या बदल्यात जाण्याचे प्रकार सर्रास घडत. पैसा नसलेल्या बाजारात ज्याच्याकडे पर्याय कमी तोच नागवला जातो, हा धडा तेव्हाचा. आजच्या स्कॅनरच्या बाजारालाही तो लागू पडतो, ते पुढे येईलच.

भारतात 1880 मध्ये टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. त्याच दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्गाने हा मुलूख बाहेरच्या बाजाराशी जोडला. खेड्यातल्या माणसाच्या हाती दूरवरून आलेले पैसे नेऊन देणारी पहिली सरकारी व्यवस्था म्हणजे पोस्टमन. दीडशे वर्षांच्या आत तोच माणूस बोटांचे ठसे घेणारे यंत्र हातात घेऊन पुन्हा त्याच कामावर आला आहे.

एटीएम आणि चिल्लर

तालुक्याच्या गावी एटीएम असते. त्यापलीकडे ते असेल, चालू असेल आणि त्यात नोटा असतील, या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. एटीएम यंत्राला वीज लागते, बँकेशी जोडलेली लाइन लागते आणि नोटा भरायला येणारी गाडी लागते. सणाच्या आधी किंवा सलग सुट्ट्यांत गाडीची फेरी चुकली की यंत्र रिते. म्हणून पैसे काढायचे ते गोंदिया, आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावला, पुढे बघू म्हणून नव्हे. महानगरांबाहेर दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला 5 व्यवहार मोफत असतात आणि त्यानंतर बँक प्रत्येक व्यवहाराला 23 रुपयांपर्यंत शुल्क घेऊ शकते. हा दर 1 मे 2025 पासूनचा. शिल्लक तपासणे हाही त्या 5 मधला एक व्यवहार धरला जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

नोटा मिळाल्या तरी अर्धेच काम झाले. एटीएममधून 500 च्या नोटा पडतात आणि डोंगरातला खर्च 10, 20, 50 चा असतो. शिंगाड्यांचा वाटा घेऊन बसलेल्या ढिवर बाईकडे, वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे किंवा टेंभुर्णीची टोपली घेऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलीकडे 500 ची नोट पुढे केली तर ‘चिल्लर नाही’ एवढेच उत्तर येणार. दिवसभराची विक्रीच तेवढी नसते. ही अडचण देशभरची आहे, म्हणूनच रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना आदेश दिला की 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के आणि 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून 100 किंवा 200 च्या नोटा मिळाल्याच पाहिजेत. आदेश चांगला आहे, पण उरलेल्या 10 टक्क्यांत कोणती यंत्रे राहतील याचा अंदाज आडगावच्या माणसाला सहज बांधता येईल.

नाण्यांचे वेगळेच त्रांगडे. 10 रुपयांचे नाणे चालत नाही ही समजूत अनेक बाजारांत अजून टिकून आहे. 10 रुपयांची 14 प्रकारची नाणी काढली असून ती सगळी वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केले. तरी दुकानदाराला पुढचा व्यापारी नाणे घेत नाही, म्हणून तोही घेत नाही. त्याच्याशी कायद्यावरून हुज्जत घालण्यापेक्षा 10 आणि 20 च्या धड नोटांचा जुडगा जवळ ठेवणे बरे. फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट बँकेत बदलून मिळते. पण ज्याला बँकेत जायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याच्या गळ्यात ती बांधणे बरोबर नाही.

टॉवर आहे, पेमेंट नाही

यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आले, त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्याचे खाते ज्या बँकेत, तिचाच दरवाजा बंद. त्या धक्क्यानंतर शहरांनी फोनवरून पैसे देण्याची सवय लावून घेतली. खेड्यांतही ‘स्कॅनर’, म्हणजे क्यूआर कोड, हळूहळू पोचला. आज सालेकशाच्या पानटपरीवरही तो चिकटवलेला दिसतो. मग अडते कुठे?

स्कॅनर हा फक्त छापील कागद आहे, त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते पैसे देणाऱ्याच्या फोनला. त्याच्या फोनवरून निघालेला निरोप त्याच्या बँकेकडे, तिथून मधल्या यंत्रणेमार्फत घेणाऱ्याच्या बँकेकडे जातो आणि त्याच वाटेने उलट येतो. यातला एक टप्पा अडकला तरी पडद्यावर नुसते चाक फिरत राहते. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या पेटीत स्वतःचे सिम असते, म्हणून रेंज गेली की पेटी मुकी होते.

डोंगरात नेहमी येणारा अनुभव म्हणजे फोन लागतो, पण पेमेंट होत नाही. त्याला एक कारण आहे. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून पहिल्या टप्प्यात देशात उभारलेले 2,343 टॉवर टूजीचे होते. त्यावर बोलणे होई, डेटा जेमतेम. ते फोरजी करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2022 मध्ये घेतला. सुरक्षेच्या दृष्टीने बांधलेला टॉवर बाजाराच्या कामाला पुरा पडत नव्हता, याची ती कबुलीच होती. टॉवर बदलले तरी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर त्यांची लहर पोचत नाही. टॉवरची बॅटरी संपली की वीज येईपर्यंत सगळे थंड.

इंटरनेटशिवाय किंवा बँकेच्या सर्व्हरवर न अडता पैसे देण्याच्या चार वाटा आज उपलब्ध आहेत. त्यांची नावे सारखी वाटतात, कामे मात्र निराळी आहेत.

पहिली *99#. साध्या फोनवर हे आकडे फिरवले की भाषा निवडून, मराठीतही, पैसे पाठवता येतात. एका वेळची मर्यादा 5,000 रुपये. इंटरनेट लागत नाही, पण फोनचे नेटवर्क लागतेच. दुसरी यूपीआय 123पे. मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या या सोयीत ठरलेल्या क्रमांकावर फोन करून, आवाजातल्या सूचना ऐकत बटणे दाबायची. टूजीच्या टापूत या दोन्ही वाटा कामाला येतात, मात्र त्यांची नोंदणी घरून निघण्यापूर्वी करून एकदा घरच्याच माणसाला 10 रुपये पाठवून पाहायला हवेत. डोंगरात उभे राहून नोंदणी होत नाही.

तिसरी यूपीआय लाइट. फोनमध्येच 5,000 रुपयांपर्यंत रक्कम आधी भरून ठेवायची आणि एका वेळी 1,000 पर्यंत पिन न टाकता द्यायची. यात प्रत्येक वेळी बँकेचा मुख्य सर्व्हर गाठावा लागत नाही, म्हणून ‘बँकेचा सर्व्हर डाउन’ ही अडचण टळते. पण नेटवर्क नसताना ती चालते हा समज चुकीचा आहे. चौथी यूपीआय लाइट एक्स, सप्टेंबर 2023 मधली. दोन फोन जवळ धरले की दोघांपैकी कुणालाही इंटरनेट नसताना पैसे जातात. कल्पना डोंगरासाठीच केल्यासारखी. मात्र दोन्ही फोनांत एनएफसी हवे आणि ते महागड्या फोनांत असते. विकणारीचा फोन त्यातला नसतो. इथेही जिच्यासाठी सोय काढली तिच्याकडेच ती पोचलेली नाही.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी पडणारी गोष्ट साधी आहे. फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत, त्यातले एक गावात कोणाची रेंज मिळते ते विचारून घ्यावे. सोबत चार्ज केलेली पॉवर बँक असावी.

बँकमित्र आणि डाकसेवक

रोख संपली, एटीएम लांब, अशा वेळी बहुतेक पर्यटकांना न आठवणारा उपाय म्हणजे बँकमित्र. रिझर्व्ह बँकेने 2006 साली बँकांना असे प्रतिनिधी नेमायची मुभा दिली, जनधन योजनेने 2014 पासून त्यांची संख्या वाढवली. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक 1 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाल्यापासून ग्रामीण डाकसेवकही हे काम करतात. आधार खात्याला जोडलेले असेल तर कोणत्याही बँकेच्या खातेदाराला आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा देऊन एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत काढता येतात. कार्ड लागत नाही, स्वतःचा फोनही लागत नाही. फोन पाण्यात पडलेल्या प्रवाशाला याहून मोठा आधार नाही.

त्याच्याही अडचणी आहेत. बँकमित्राकडची रोख मर्यादित असते. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये, धानाचे चुकारे किंवा तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात जमा झाली की त्याच्या दारात बायाबापड्यांची रांग लागते. त्या दिवशी बाहेरच्या माणसाने तिथे जाऊन 5,000 काढणे म्हणजे रांगेतल्या तिघींच्या हप्त्याची रोख उचलणे. धान लावून आणि कापून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्र ओळखत नाही, हे दुखणेही नेहमीचे. प्रवाशाने आपले बायोमेट्रिक ‘लॉक’ केलेले असेल तर ते आधी उघडायला हवे आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करायला हवे. पावती आणि बँकेचा संदेश जुळल्याशिवाय यंत्रावर दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.

एसटी, रेल्वे, टोल

एसटीच्या वाहकांकडे आता फोनवरून पैसे घेणारी तिकीट यंत्रे आली आहेत. महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे आणि सवलतीच्या तिकिटाचा आकडा क्वचितच गोल असतो, त्यामुळे सुट्ट्यांचा वाद या यंत्रांमुळे निम्मा मिटायला हवा होता. पण घाटात रेंज गेली की वाहक पुन्हा ‘सुट्टे द्या’ म्हणतो आणि बाकी रक्कम तिकिटामागे लिहून देतो. ती उतरताना मागायची असते. सालेकसा, देवरी भागात एसटीच्या फेऱ्यांमधला वेळ भरून काढतात त्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या आणि ऑटो. तिथे रोखीशिवाय बसण्यात अर्थ नाही.

रेल्वेची स्थिती बरी. हावडा-नागपूर-मुंबई मार्ग दरेकशाच्या डोंगरातून बोगद्याने जातो आणि दरेकसा स्थानकावर थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्यांमुळे हाजरा फॉलचा धबधबा आणि कचारगडची गुहा अगदी थोड्या खर्चात गाठता येतात. अनारक्षित तिकीट फोनवर काढायचे तर रेंज असलेल्या जागी, गोंदियाला किंवा आमगावला असतानाच काढून ठेवावे.

मोटारीने येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग 53 वर टोल लागतो. फास्टॅग नसेल किंवा त्यात शिल्लक नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 पासूनचा नियम असा, की रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. शिल्लक संपलेला टॅग घेऊन निघणे म्हणजे जाणूनबुजून दंड भरणे. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरावे. पुढे बाटलीतून मिळेल, पण भाव विकणाऱ्याचा आणि पैसे रोख.

जंगलाच्या दारात

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर 2013 मध्ये घोषित झाला. प्रवेशाचे आरक्षण ऑनलाइन होते, म्हणून पर्यटकाला वाटते की सगळे पैसे दिले. प्रत्यक्षात जिप्सी आणि गाइडचे पैसे अनेकदा दारावर द्यावे लागतात. चोरखमारा असो की मंगेझरी, दार जंगलाच्या कडेला असते, तिथे रेंजचा भरवसा नाही आणि सकाळच्या फेरीसाठी पोचताना अंधार असतो. नागझिऱ्यात वीज आणि गोंगाट नसणे हेच पर्यटकांना ओढून नेते. त्याच शांततेत फोनवरून पैसे जावेत अशी अपेक्षा करता येत नाही. कोणती रक्कम आधी घेतली, कोणती दारावर द्यायची, हे आरक्षण करतानाच विचारून तेवढी रोख वेगळ्या पाकिटात ठेवावी. गाइड हे जवळच्या गावांतलेच तरुण असतात. ‘परत गेल्यावर पाठवतो’ म्हणून निघून जाणारा पर्यटक त्यांना चांगला ठाऊक असतो.

हाजरा फॉलला पावसाळ्यात गर्दी उसळते. प्रवेशशुल्क गावच्या वन समितीकडे जाते, म्हणजे तिथला प्रत्येक रुपया थेट गावाच्या हाताशी पोचतो. अशा ठिकाणी 500 ची नोट पुढे करून ‘सुट्टे तुम्हीच बघा’ म्हणणे हे समितीच्या पोरांवर काम टाकणे आहे.

कचारगडची गर्दी, प्रतापगडची उधारी

सालेकसा तालुक्यातल्या धनेगावजवळचे कचारगड हे गोंडी समाजाचे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथल्या भव्य नैसर्गिक गुहेकडे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि त्याही पलीकडून भाविक येतात. गोंडी, छत्तीसगडी, हिंदी, मराठी, तेलुगू अशा भाषा एकाच पायवाटेवर ऐकू येतात. एरवी काही गावांना पुरणाऱ्या टॉवरवर त्या दिवसांत लाखोंचा भार पडतो, मग रेंजच्या पाचही काड्या दिसत असताना एक रुपया पुढे सरकत नाही. पूजेचे सामान, पिवळे झेंडे, गोंडी पुस्तके, खाण्याच्या वस्तू, सगळा व्यवहार शेवटी नोटांवर येतो. जत्रेत रोख बाळगायची ती एका जागी नको. काही कमरेला, काही पिशवीत, काही सोबत्याकडे. आजीच्या काळातली ही रीत आजही सगळ्यात सुरक्षित आहे.

महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर हिंदू-मुस्लिम दोन्ही भाविकांची जत्रा भरते, तिथेही हेच चित्र. त्याच परिसरात एक वेगळा शेजार आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वसलेली नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत. जगातल्या सर्वांत उंच पठारावरून आलेली ही माणसे हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकायला जातात. देशभरच्या तिबेटी स्वेटरविक्रेत्यांची रीत अशी की लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करायचे. ना तारण, ना यंत्र, फक्त वर्षानुवर्षे पाळलेला शब्द. पैसे पोचवायचे साधन कोणतेही असो, व्यवहार उभा राहतो तो विश्वासावर, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. मात्र हा विश्वास ओळखीतून येतो. एका दुपारपुरत्या आलेल्या प्रवाशाला तो मागण्याचा हक्क नाही.

फसवणुकीच्या दोन बाजू

प्रवाशाची फसवणूक बहुधा घरीच होते. सुट्टीच्या दिवसांत समाजमाध्यमांवर स्वस्त रिसॉर्टचे खोटे क्रमांक फिरतात, आगाऊ रक्कम घेतली जाते आणि तिथे गेल्यावर रिसॉर्टच नसते. खात्री करायची तर वन विभागाच्या किंवा पर्यटन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक घ्यावा. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे एक वाक्य पाठ असले तरी निम्मे धोके टळतात. ओळखीच्या किंवा अनोळखी माणसाने यूपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, तोही एक चोरदरवाजा बुजला. तरी फसलोच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे गोठवता येतात ते पहिल्या काही तासांत.

विकणाऱ्याची फसवणूक मात्र डोंगरात होते आणि तिची तक्रार कुठे जात नाही. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे ग्राहक आहेत. त्याहून सूक्ष्म प्रकार ‘पेंडिंग’चा. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली, विकणारीपर्यंत पोचली नाही. ग्राहक म्हणतो, येईल थोड्या वेळात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे अडकलेले पैसे दुकानदाराच्या खात्याबाबत 5 दिवसांत, एरवी एका दिवसात परत यावे लागतात आणि उशीर झाला तर बँकेला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. पण हे पैसे परत येतात ते देणाऱ्याकडे. भरपाईही त्यालाच. जिने शिंगाडे दिले तिच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि तिला ते कळेपर्यंत प्रवासी नागपूरला पोचलेला असतो.

बाहेरचे डोंगर काय सांगतात

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही. पुण्या-मुंबईहून जाणारे हिमालयप्रेमी हे विसरले की पहिल्याच दिवशी त्यांचा फोन पाकीट म्हणून निकामी होतो. नेपाळमध्ये मार्च 2024 पासून भारतीय यूपीआयने दुकानात पैसे देता येतात, पण वरच्या वाटांवर खिशातल्या नोटाच लागतात. केनियात 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही सेवा अगदी साध्या फोनवर चालली. तिच्या यशाचे मर्म फोनमध्ये नव्हते. गावोगावच्या एजंटकडे फोनमधला पैसा नोटांत आणि नोटा फोनमध्ये बदलून मिळत होत्या. आपल्याकडे ही जागा बँकमित्राची आहे. त्याच्याकडे पुरेशी रोख राहील अशी व्यवस्था केली, तर एटीएमचा हट्ट धरायची गरजही उरणार नाही.

ओझे कुणी घ्यायचे?

या सगळ्या पाहणीतून एक गोष्ट ठळक होते. डोंगरात पैशाचा व्यवहार अडला की त्याचा भार साखळीतल्या सगळ्यात लहान माणसावर पडतो. सुट्टे नाहीत तर विकणारीने शोधायचे. रेंज नाही तर तिने थांबायचे. पेंडिंग पडले तर तिने विश्वास ठेवायचा. अनेकदा स्कॅनर तिच्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा असतो, त्यामुळे पोचलेले पैसेही तिच्या हातात येतीलच असे नाही. संध्याकाळी बाजारातून मीठ-तेल घेऊन जायला तिला रोख हवी असते, म्हणून ती नगद मागते. तिला नव्याचे वावडे आहे असा त्याचा अर्थ काढू नये.

प्रशासनाने करण्यासारखे थोडेच आहे, पण नेमके आहे. कचारगड आणि प्रतापगडच्या जत्रांत फिरते टॉवर आणि बँकमित्रांचे टेबल, जंगलाच्या दारांवर सगळे शुल्क आगाऊ भरायची सोय आणि बँकमित्रांच्या रोख मर्यादेत हप्त्यांच्या दिवशी वाढ.

बाकीचे काम प्रवाशाचे. दोन दिवसांच्या खर्चाइतकी रोख गोंदियातूनच घेऊन निघा, त्यातली निम्मी 100 आणि त्याखालच्या नोटांत. मोठी देणी, म्हणजे मुक्काम आणि गाडी, रेंज असताना फोनवरून चुकती करा. लहान देणी रोखीने द्या. पेमेंट पेंडिंग पडले तर वाद न घालता नोट काढून द्या. अडकलेले पैसे परत आले तर तुमच्याकडेच येतील, आणि उशिरा तिच्याकडे पोचलेच तर तुमचे नुकसान फार तर 40 रुपयांचे. तिच्या दिवसाच्या कमाईत मात्र 40 रुपये ही मोठी रक्कम आहे.